मोर्चा, बंद, दंगल की उठाव? अशांततेबद्दल लिहिताना शब्द कसा निवडावा

लोक रस्त्यावर उतरलेत एवढंच कळलेलं असतं, तेव्हा शब्द ठरवू नका. आधी विचारा: लोक चालतायत की बसलेत? त्यांनी स्वतःचं काम थांबवलंय की दुसऱ्याचं? मागणी कोणाकडे आहे? आणि हात कोणी उगारला? एवढं कळलं की मराठीत नेमका शब्द तयार असतो. मुंबई शहराने शंभर-सव्वाशे वर्षांत इतके संप, मोर्चे, सत्याग्रह आणि दंगली पाहिल्यात की प्रत्येक प्रकाराला स्वतःचा शब्द मिळालाय आणि त्या शब्दाला स्वतःचं क्रियापद.

मी एका मराठी दैनिकात रात्रपाळीला कॉपी तपासते. डेस्कवर नवी आलेली मुलं-मुली मन लावून काम करतात, पण घाईत सगळ्यालाच ‘आंदोलन’ म्हणतात आणि सगळ्याच गर्दीला ‘जमाव’. त्यांना जे समजावून सांगते तेच इथे लिहिते आहे. बातमी लिहिणाऱ्यांना उपयोग होईलच, पण सोसायटीच्या ग्रुपवर ‘दादरला दंगल झाली म्हणे’ असं पुढे ढकलण्याआधी प्रत्येकाने हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

चालणारे आणि बसणारे

मोर्चा चालतो. तो निघतो, एखाद्या ठिकाणी अडवला जातो, कुठेतरी त्याची सभा होते. ‘धडकला’ हे क्रियापद मात्र जपून वापरा. ‘मंत्रालयावर मोर्चा’ हे मोर्चाचं लक्ष्य झालं. मुंबईत मोर्चे आझाद मैदानात थांबवले जातात आणि तिथून शिष्टमंडळ पुढे जातं. मग ‘मोर्चा मंत्रालयावर धडकला’ हे वाक्य खोटं ठरतं. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत आला. दहावीच्या परीक्षा सुरू होत्या, मुलांची सकाळी अडचण होऊ नये म्हणून शेतकरी शेवटचा टप्पा रात्रीतूनच चालले आणि पहाटे आझाद मैदानात पोहोचले. ‘पोहोचले’ हाच तिथला बरोबर शब्द. ज्यांनी रक्ताळलेल्या पायांनी एवढं भान राखलं, त्यांच्यासाठी ‘मुंबईला वेठीस धरलं’ असा मथळा कोणी सुचवला तर तो तिथेच कापावा.

मोर्चाला विशेषण असेल तर ते टाकून देऊ नका, बातमी त्यातच असते. ९ ऑगस्ट २०१७ ला जिजामाता उद्यानापासून आझाद मैदानापर्यंत आलेला मराठा क्रांती मोर्चा हा मूक मोर्चा होता, तेव्हा ‘घोषणांनी परिसर दणाणून गेला’ हे सवयीचं वाक्य तिथे चालत नाही. सत्तरच्या दशकात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरोधात काढलेला तो लाटणे मोर्चा. पाण्यासाठी निघतो तो हंडा मोर्चा. ‘महिलांचा मोर्चा’ असं लिहिलंत तर मागणी काय होती हे सांगायला आणखी एक वाक्य खर्ची पडतं. ‘हंडा मोर्चा’ म्हटलं की वाचकाला न सांगता कळतं.

निदर्शनं उभ्याने होतात, हातात फलक असतात, आणि हा शब्द नेहमी अनेकवचनी: निदर्शने केली. धरणे धरतात. ठिय्या मांडतात किंवा देतात, आणि तो कोणाच्या तरी दारात असतो, आयुक्तांच्या दालनाबाहेर किंवा वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्यांवर. घेराव माणसाला घालतात, इमारतीला नाही. उपोषण लाक्षणिक, साखळी, बेमुदत किंवा आमरण यांपैकी कोणतं ते उपोषणकर्त्यानेच जाहीर केलेलं असतं. आपण आपल्या मनाने ‘आमरण’ जोडू नये. २०२५ च्या ऑगस्टअखेर मनोज जरांगे पाटील आझाद मैदानात उपोषणाला बसले आणि सीएसएमटीच्या परिसरात त्यांच्या पाठिराख्यांची गर्दी झाली. अशा वेळी उपोषणकर्ता आणि आंदोलक हे दोन शब्द वेगळे ठेवावेत. गर्दीतल्या एखाद्याने केलेली कृती उपोषणकर्त्याच्या नावावर जाता कामा नये.

‘आंदोलन’ हे या सगळ्यांवरचं छत्र आहे. एका दुपारच्या निदर्शनांना तो शब्द जड होतो. ‘चळवळ’ त्याहून लांबची: वर्षानुवर्षांची, विचार असलेली, संयुक्त महाराष्ट्राची होती तशी. ‘लढा’ म्हणताना आपण थोडे त्या बाजूला उभे राहतो, म्हणून तो लेखात शोभतो, बातमीत विचारपूर्वक वापरावा.

संप, आणि तो कसा संपतो

स्वतःचं काम थांबवणं म्हणजे संप. मालकाने दारं लावली तर ती टाळेबंदी. २०२० नंतर ‘टाळेबंदी’ म्हटलं की तरुण वाचकाला करोनाचा काळ आठवतो, म्हणून ‘कारखान्यात टाळेबंदी’ असं पूर्ण लिहा.

जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस काम बंद ठेवलं. त्यात पगाराची मागणी नव्हती, तरी तो संपच होता. राजकीय संप. संपामागचं कारण काहीही असू शकतं. काम करणाऱ्याने काम थांबवलं की तो संप.

माझे वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. परळ-लालबागच्या चाळींत अजूनही ‘संप’ म्हटलं की साल सांगावं लागत नाही. ‘संपाआधी’, ‘संपात’, ‘संपानंतर’ अशा तीन काळांत लोक आयुष्य मोजतात. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते. त्याबद्दल लिहिताना क्रियापद चुकलं की मला झोप लागत नाही, म्हणून यावर जरा थांबते.

संप मिटतो, म्हणजे तडजोड होते. संप मागे घेतात, म्हणजे ज्यांनी पुकारला तेच थांबवतात. स्थगित करतात, म्हणजे पुन्हा करण्याचा हक्क राखून ठेवतात. फोडला, म्हणजे कोणीतरी आतून काही जणांना कामावर नेलं. मोडून काढला, म्हणजे वरून बळ वापरलं. फसला, म्हणजे मागणी पदरात पडली नाही. आता १९८२ चा संप बघा. तो रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. तेव्हा ‘दीड वर्षाने संप मिटला’ हे वाक्य कितीही सवयीचं वाटलं तरी खरं नाही. मिटायला समोर तडजोड लागते, आणि ती झाली नाही. लोक थोडे थोडे कामावर परतले, बऱ्याच जणांना परतायला गिरणी उरली नाही. ‘संप विरत गेला’ असं लिहावं. त्याला ‘बेकायदा संप’ म्हणायचं असेल तर कोणत्या कायद्याने तेही लिहावं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली कामगारांच्या वतीने बोलण्याची मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघ या संघटनेला होती, आणि कामगार मात्र सामंतांच्या मागे होते. नुसतं ‘बेकायदा’ म्हटलं की वाचकाला कामगार गुन्हेगार वाटतो, खरी गोष्ट कळत नाही.

कधी कधी संप करणारेच तो शब्द टाळतात, आणि त्यामागे कायद्याचं कारण असतं. २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांनी काम थांबवलं तेव्हा न्यायालयाची संपाला मनाई होती. आमच्या सहकाऱ्यांनी आत्महत्या केल्यात, आम्ही ‘दुखवटा’ पाळतोय, असं कर्मचाऱ्यांच्या बाजूने सांगितलं गेलं. डॉक्टर ‘काम बंद आंदोलन’ म्हणतात, सरकारी कर्मचारी ‘सामूहिक रजा’ म्हणतात. अशा वेळी मथळ्यात संप लिहा आणि बातमीत त्यांचा शब्द अवतरणात द्या. वाचकाला गाडी मिळणार की नाही तेही कळलं पाहिजे आणि कर्मचारी स्वतःच्या कृतीला काय म्हणतात तेही. सरकारने अत्यावश्यक सेवेचा कायदा लावला तर ‘मेस्मा लावला’ एवढं पुरतं, हा शब्द आता घरोघरी माहीत आहे.

लोकल थांबली तर जास्तच नीट लिहा. मोटरमननी काम थांबवलं, जसं मे २०१० मध्ये झालं, तर तो संप. प्रवासी रुळांवर उतरले तर तो रेल रोको. रविवारी रेल्वेनेच थांबवली तर मेगाब्लॉक. फलाटावरच्या माणसाच्या दृष्टीने तिन्हींचा परिणाम सारखाच, म्हणून ‘लोकल बंद’ हा मथळा मोहात पाडतो. कोणी बंद केली, ते त्याच ओळीत आलं पाहिजे.

पाळला, पाडला

बंदच्या बातमीत सगळा भार एका अक्षरावर असतो. बंद पुकारला म्हणजे आवाहन केलं. बंद पाळला म्हणजे दुकानदाराने आपण होऊन शटर ओढलं. दुकानं बंद पाडली म्हणजे दहा पोरं काठ्या घेऊन आली आणि त्याला ओढायला लावलं. संगणकावर ‘ळ’ आणि ‘ड’ची चूक सहज होते आणि पानावर जाऊन बसते, म्हणून बंदच्या रात्री मी हा शब्द मोठ्याने वाचून घेते. ‘कडकडीत बंद’ लिहायचं असेल तर बातमीदाराने बाजारपेठ डोळ्यांनी पाहिलेली हवी. ‘उत्स्फूर्त’ हा शब्द पक्षाच्या पत्रकात असतोच. त्यांच्या तोंडी ठेवा, आपल्या तोंडी घेऊ नका.

हे क्रियापद कोर्टातही जाऊन पोहोचतं. ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदसाठी २००४ मध्ये उच्च न्यायालयाने शिवसेना आणि भाजप यांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला सांगितले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणी महाविकास आघाडीने पुकारलेल्या महाराष्ट्र बंदला उच्च न्यायालयाने आदल्या दिवशी मनाई केली, तेव्हा बंद मागे घेऊन काळ्या फिती लावून निषेध झाला. अशा दिवशी ‘बंद फसला’ लिहिणं चूक. बंद झालाच नाही, मागे घेतला गेला.

‘हरताळ’ आता फारसा वापरात नाही. एप्रिल १९१९ मध्ये रौलट कायद्याविरुद्ध मुंबईने पाळला तो हरताळ. आजच्या बंदला तो शब्द लावू नका. वाक्प्रचारात मात्र तो जिवंत आहे, नियमांना हरताळ फासतात, आणि तो हरताळ वेगळा, पिवळ्या रंगाचा.

रास्ता रोको म्हणजे दुसऱ्याची वाट अडवणं. वाहतूकदारांचा चक्का जाम म्हणजे स्वतःच्या गाड्या उभ्या करणं. बातम्यांत हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, पण ट्रक रस्त्यावर आडवे लावलेत की वाशीच्या तळावर नुसते उभे आहेत, ते विचारून घ्या.

दंगल

हा शब्द सर्वांत शेवटी हातात घ्यावा. बाचाबाची तोंडाची. धक्काबुक्की हातांची, पण कोणी फार लागलेलं नाही. हाणामारीत लागतं. दगडफेक, जाळपोळ, लुटालूट म्हणजे नेमक्या कृती. त्या पाहिल्या असतील तर त्याच लिहा. दंगल म्हणजे हे सगळं एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत पसरतंय आणि माणूस कोण आहे हे बघून मारला जातोय.

कायद्याच्या भाषेने फसू नका. भारतीय न्याय संहितेत पाच जणांचा बेकायदा जमाव आणि त्यातल्या कोणीही केलेला बळाचा वापर एवढ्याने दंगलीचं कलम लागू शकतं. म्हणजे पार्किंगवरून दोन कुटुंबांची मारामारी झाली तरी गुन्हा दंगलीचा असू शकतो. ‘कुर्ल्यात दंगल’ असा मथळा दिलात तर पहाटे पाचला अर्धं शहर मुलांना शाळेत पाठवू की नको या विचारात पडेल. गुन्ह्याचं कलम बातमीत जाऊ द्या, मथळ्यात ‘मारामारी’ ठेवा.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये या शहरात जे झालं ती दंगल. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात ९०० मृत्यूंची नोंद आहे. १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट ही वेगळी घटना, त्यांत २५७ जण गेले. ‘त्र्याण्णवची दंगल आणि स्फोट’ असं एका दमात लिहिण्याची सवय मोडायला हवी. दंगलीतल्या मृतांचा वेगळा अहवाल आहे, त्यांची कुटुंबं वेगळी आहेत, आणि अनेकांना न्याय मिळालेला नाही.

दोन समाजांतल्या तणावाची पहिली बातमी ‘दोन गटांत’ अशी देण्याचा आपल्याकडे संकेत आहे. पहिल्या तासांत तो पाळावा, अफवेला खाद्य मिळत नाही. पण महिन्याभराने, चौकशी सुरू असताना, कोणाची घरं जळली हे लपवण्यासाठी ‘दोन गट’ वापरू नये. ‘राडा’ अवतरणातच बरा. माणसं जखमी झालेली असतात आणि या शब्दात खेळकरपणा आहे. ‘दंगलसदृश परिस्थिती’ सरळ कापा. दगडफेक झाली असेल तर दगडफेक, नाहीतर तणाव.

एक वाक्य जवळून

हे वाक्य वेगवेगळ्या नावांनी दर महिन्याला माझ्यासमोर येतं: ‘संतप्त जमावाने दगडफेक केल्याने पोलिसांनी सौम्य लाठीमार करून परिस्थिती नियंत्रणात आणली.’

‘संतप्त’ कशाने? कारण दिलं नाही तर लोक उगाच चिडले असं वाटतं. ‘जमाव’ की रहिवासी, प्रवासी, पालक? २० ऑगस्ट २०२४ ला शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचाराच्या संतापातून लोक बदलापूर स्थानकात तासन् तास रुळांवर बसले, तेव्हा सकाळी ते पालक आणि नागरिक होते. नंतर दगड पडले तेव्हा काही जणांना जमाव म्हणणं योग्य होतं, सगळ्यांना नाही. ‘केल्याने’ हा प्रत्यय आधी काय आणि नंतर काय हे ठरवून टाकतो. बातमीदार तिथे होता का, की क्रम पोलिसांनी सांगितला? क्रम माहीत नसेल तर दोन वाक्यं करा. ‘सौम्य’ तर कधीच नको. काठी पाठीवर पडलेल्या माणसाला विचारा. त्याऐवजी लिहा: पोलिसांनी लाठीमार केला, इतके जखमी, त्यांतल्या इतक्यांना अमुक रुग्णालयात दाखल केलं. ‘परिस्थिती नियंत्रणात’ हे पोलिसांचं मत आहे. आपण लिहावं की रात्री दहाला वाहतूक सुरू झाली, दुकानं उघडली, बंदोबस्त कायम आहे.

मेलेल्यांसाठीचे शब्द

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला पहाटे दिसला, लोक पूर्व द्रुतगती मार्गावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या. दहा जण गेले. वर्तमानपत्रं ‘रमाबाई नगर गोळीबार’ लिहितात, वस्तीतले लोक ‘हत्याकांड’ म्हणतात. नवीन मुलं विचारतात, बरोबर काय? ‘गोळीबार’ कृती सांगतो, ‘हत्याकांड’ न्याय मागतो. पहिल्या दिवशीच्या बातमीत गोळीबारच. पण २००९ मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं. त्यानंतर स्मृतिदिनाच्या लेखात लोकांचा शब्द वापरायला मी कधी हरकत घेत नाही. त्याच वाक्यात निकालाचा उल्लेख असावा, एवढंच बघते.

‘चकमक’ दोन्ही बाजूंना हत्यार असेल तरच. ‘ठार’ शब्दाला मारणारा लागतो: पोलिसांच्या गोळीबारात ठार. ‘गोळीबारात मृत्यू’ लिहिलं तर गोळी कोणाची ते हरवतं. ‘हुतात्मा’ ही पदवी समाज देतो. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शंभराहून जास्त माणसं गेली, लोकांनी त्यांना हुतात्मे मानलं आणि चौकाचं नाव बदललं. कालच्या घटनेत गेलेल्याला आपण आज रात्री ही पदवी देऊ नये. त्याचं नाव, वय आणि तो काय काम करायचा ते नीट लिहावं.

बंड आणि उठाव

फेब्रुवारी १९४६ मध्ये कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रातल्या नाविकांनी निकृष्ट अन्न आणि अपमानाविरुद्ध काम थांबवलं. त्यांनी स्वतः जी समिती नेमली तिचं नाव मध्यवर्ती संप समिती. इंग्रजांनी त्याला बंड म्हटलं. आपण आज नाविकांचा उठाव म्हणतो. ‘बंड’मध्ये वरच्याची नजर असते, कोणीतरी हुकूम मोडलेला असतो. ‘उठाव’मध्ये खालच्याची. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आमदारांसह बाहेर पडले तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘बंड’ लिहिलं, त्यांच्या गटाने ‘हे बंड नाही, उठाव आहे’ असं सांगितलं, समोरच्यांनी ‘गद्दारी’ म्हटलं. पक्षांतर्गत बाबतीत ‘बंड’ किंवा ‘बंडखोरी’ हा रुळलेला शब्द आहे, तोच ठेवा, बाकी दोन ज्याच्या त्याच्या तोंडी. ‘क्रांती’ इतिहासासाठी राखून ठेवा.

पोलिसांच्या कागदावरचे शब्द

जमावबंदी म्हणजे पाच किंवा जास्त जणांनी एकत्र यायचं नाही. संचारबंदी म्हणजे घराबाहेरच पडायचं नाही. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुंबई पोलीस महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश ठरावीक काळाने काढतच असतात, लग्न आणि अंत्ययात्रांसारख्या गोष्टी वगळून. असा आदेश हातात आला की तो नेहमीचा आहे की आज काही घडल्यामुळे निघालाय ते आधी विचारा, मगच मथळा करा. ‘कलम १४४’ लिहिण्याची सवयही सोडा. १ जुलै २०२४ पासून ते नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आहे.

मोर्चातल्या माणसांना गाडीत बसवून संध्याकाळी सोडून दिलं तर ‘ताब्यात घेतलं आणि सोडलं’. अटक झाली तर चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं, म्हणून ‘अटक’ लिहिताना गुन्ह्याचं कलम मागून घ्या. घराबाहेर पोलीस उभे करून जाऊ दिलं नाही तर ‘घरातच रोखलं’ असं साधं लिहा. ‘स्थानबद्ध’साठी लेखी आदेश लागतो. आंदोलकांनी आपण होऊन अटक करून घेतली तर तो जेलभरो.

आणि रात्री उशिरा शब्द बदलला, म्हणजे ‘तणाव’चं ‘दगडफेक’ झालं किंवा ‘अटक’चं ‘ताब्यात’, तर तो मथळ्यात, उपमथळ्यात, फोटोओळीत, वेबसाइटवर आणि मोबाईलवर गेलेल्या सूचनेत सगळीकडे बदला. फोटोओळ हमखास राहून जाते, ती आधी बघा.